दोन घटका अंधार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात दुर्बीण आली. मामाने भाच्याला पाठवलेली. खोके मोठे झोकदार होते. वर जांभळ्या आकाशात सोनेरी कड्यांचा शनी, त्याच्या बाजूला गुलाबी तेजोमेघ, आणि कोपऱ्यात जाड अक्षरांत ‘५२५ पट’. चिरंजीव अकरा वर्षांचे. त्यांनी शाळेच्या वाचनालयातले आकाशदर्शनाचे एक पुस्तक चार दिवसांत तोंडपाठ केले, आणि पाचव्या रात्री जेवणे उरकल्यावर आम्ही सारे गच्चीवर गेलो. मुलगा हुशार. देवयानीतली दीर्घिका त्याने नकाशावरून स्वतः हुडकून काढली. आमची मदत फक्त तिपाई धरण्यापुरती. त्याने डोळा लावला, मिनिटभर गप्प राहिला, आणि मग डोळा न काढताच म्हणाला, “काका, एवढंच?”

माझा धंदा पुस्तकांविषयी लिहिण्याचा. दुर्बीण हा नंतर जडलेला नाद. त्यामुळे तो ‘एवढंच?’ ऐकल्यावर मला पहिल्याने वाटले ते हे, की हा अभिप्राय आकाशावरचा नव्हेच. आकाशाने काही कबूल केले नव्हते. दुर्बिणीनेही नाही. कबूल केले होते ते खोक्याने आणि पुस्तकाने. पोराने दोन छापील मजकूर वाचले, त्यांवर विश्वास ठेवला आणि तो फसला. एखाद्या कादंबरीने वाचकाला असे फसवले तर आम्ही समीक्षक मंडळी केवढा गहजब करतो! आकाशावरच्या पुस्तकांना मात्र आपण ‘माहितीपूर्ण’ असा शेरा देऊन वाटेला लावतो. ती पुस्तके म्हणून कशी आहेत, त्यांची भाषा खरी आहे की खोटी, हे कोणी विचारीत नाही. या दिवाळीच्या निमित्ताने ते विचारावे म्हणतो.

कसोटी मात्र बाहेरून आणायला नको. ती आपल्या घरचीच आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात पंचांगांचा मोठा वाद झाला. जुन्या गणिताने काढलेली ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली होती. पंचांग एक सांगे, डोळ्यांना दुसरेच दिसे. केरोपंत छत्र्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाचा आधार घेऊन १८६५ च्या सुमारास जे नवे पंचांग सुरू केले, ते पुढे ‘पटवर्धनी’ म्हणून प्रसिद्ध झाले. टिळक हे याच केरोपंतांचे विद्यार्थी. त्या वादात एक शब्द वारंवार येई: दृक्प्रत्यय. जे छापले आहे ते डोळ्याला पटले पाहिजे, गणित कितीही शास्त्रशुद्ध असो. पंचांगाला लावलेली ही कसोटी आकाशदर्शनाच्या पुस्तकांना कोणी लावलेली माझ्या पाहण्यात नाही. ती लावली की बरीच जाडजूड पुस्तके एका बाजूला पडतात आणि एक जुने पुस्तक, निदान त्याचे नाव, वर येते.

ते पुस्तक शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे. दापोलीजवळच्या मुरूडचा हा शाळामास्तर १८५३ साली जन्मला आणि १८९८ साली, पंचेचाळिशी गाठते न गाठते तोच गेला. १८९६ साली आलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाने विद्वानांत त्याचे नाव कायमचे झाले. पण सामान्य वाचकासाठी त्याने त्याआधी एक सुबोध पुस्तक लिहिले होते, ‘ज्योतिर्विलास’. त्याला जोडून दिलेले दुसरे नाव असे: ‘रात्रीची दोन घटका मौज’. मी या नावाच्या प्रेमात आहे. त्यात ‘विश्वाची रहस्ये’ नाहीत, ‘अथांग’ आणि ‘अनंत’ नाहीत. रात्र आहे, मौज आहे आणि वेळेचे माप आहे.

हे मापच आधी पाहू. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, दोन घटका म्हणजे ४८. आता डोळ्याचा धर्म असा की, उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण पडद्यावरच्या मंद उजेड टिपणाऱ्या पेशी पुरत्या जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे झाली एक घटका! पहिली घटका डोळे अंधाराला सरावण्याची आणि दुसरी पाहण्याची. दीक्षितांच्या मनात हा हिशेब होता असे मी म्हणत नाही. ‘दोन घटका’ हा आपला सहज बोलण्यातला शब्दप्रयोग. पण ज्याने अनेक रात्री अंगणात काढल्या त्याच्या तोंडी सहज आलेले मापही बरोबर निघते. आमच्या चिरंजीवांनी घरातल्या ट्यूबलाइटमधून येऊन तिसऱ्या मिनिटाला दुर्बिणीला डोळा लावला होता, आणि मधे दोनदा नकाशासाठी फोन उघडला होता. पुस्तकात दीर्घिकेचे अंतर होते, व्यास होता, ताऱ्यांची संख्या होती. ‘आधी अर्धा तास अंधारात गप्प बसा’ हे एक वाक्य नव्हते.

अंधाराशी आपल्या भाषेचे जरा बिनसलेलेच आहे. ताऱ्याला आपण प्रेमाने काय म्हणतो? चांदणी. म्हणजे तारे जणू चंद्राचीच लेकरे! शुक्रासारखा स्वयंभू दिमाखाचा ग्रह, तोही ‘शुक्राची चांदणी’. मराठी कवितेत रात्र आली की चंद्र आलाच. कोजागरीला आपण गच्चीवर दूध आटवतो आणि आकाश पाहिले असे समजतो. वास्तविक दुर्बीणवाल्याच्या दृष्टीने कोजागरी ही महिन्यातली सर्वांत वाईट रात्र. चंद्राच्या उजेडात तेजोमेघ पुसले जातात, दीर्घिका बुडून जातात. एवढेच काय, पुरा चंद्रही दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण सावल्या नसतात. चंद्र पाहावा तो सप्तमी-अष्टमीला, उजेड-अंधाराच्या सीमेवर, जिथे डोंगरांच्या सावल्या विवरांत लांबच लांब पडलेल्या असतात. पण अष्टमीच्या चंद्रावर आमच्या कवींनी फारसा जीव टाकलेला नाही. असो.

खोक्याकडे परत येतो, कारण हौशी माणूस सर्वांत आधी वाचतो ते खोकेच. ‘५२५ पट’ ही संख्या कोठून येते? ७०० मिलिमीटर लांबीची नळी, डोळ्याकडचे भिंग ४ मिलिमीटरचे, आणि वर तिप्पट करणारे बार्लोचे भिंग. सातशेला चाराने भागा, तिनाने गुणा, आले ५२५. गणित बिनचूक, दृक्प्रत्यय शून्य. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटींपलीकडे चित्र नुसते फुगते, फिके आणि पुसट होते. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १४० पट ही झाली कमाल मर्यादा. खरे सांगायचे ते निराळेच होते, आणि ते फुशारकीपेक्षा कितीतरी नवलाचे आहे. अंधारात माणसाची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते; ७० मिलिमीटरचे भिंग तिच्या शंभरपट उजेड गोळा करते. लहान दुर्बिणीचे काम मोठे करून दाखवणे हे दुय्यम. उजेड वेचून आणणे हे मुख्य. आणि शनीची कडी दिसायला २५-३० पट पुरतात. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले ती दुर्बीण जेमतेम २० पटींची होती.

त्याच रात्री आम्ही दुर्बीण शनीवर नेली. कडी पाव घोट्याएवढी बारीक, कारण २०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्याकडे अगदी धारेवर आली होती आणि आता हळूहळू उघडत आहेत. पोराची आजी गुडघे धरीत वर आली होती. तिने पाहिले. मग दुर्बिणीच्या तोंडाकडे जाऊन भिंगावर बोट फिरवू लागली. “आजी, काय करता?” “चित्र चिकटवलंय का बघत्ये रे.” जगभर कोठेही शनी दाखवा, हाच संशय ऐकू येतो. माझ्या मते ही शनीला मिळालेली सर्वोत्तम दाद आहे. आजीने खोके पाहिले नव्हते, पुस्तक वाचले नव्हते. तिची अपेक्षा कोणी आधीच खर्च करून टाकली नव्हती. नातू मात्र त्याच शनीला म्हणाला, “रंग नाही नीट.”

रंगांच्या छायाचित्रांनी आकाशदर्शनाच्या पुस्तकांचे जेवढे नुकसान केले तेवढे दुसऱ्या कशाने केले नसेल. ती चित्रे खोटी नाहीत. कॅमेरा तासन् तास उजेड साठवतो, म्हणून त्याला गुलाबी दिसते. डोळ्याला साठवता येत नाही, आणि मंद उजेड टिपणाऱ्या आपल्या पेशींना रंग कळत नाही. मृगातला तेजोमेघ, बाणाच्या खाली अंधूक दिसतो तो, दुर्बिणीत राखाडी, फार तर किंचित हिरवट. पण त्या राखाडीत चार बारीक तारे चौकोनासारखे रोवलेले दिसतात, धुराच्या कडा पंखासारख्या पसरतात, आणि पाहत राहिले की दर मिनिटाला त्या थोड्या लांबत जातात. हे कोणत्याही छायाचित्रात नाही. पुस्तकाने चित्र छापावे, पण शेजारी पेन्सिलीचे एक रेखाटन द्यावे: सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीतून, वसईच्या गच्चीवरून, हे एवढे दिसते. एवढ्याने दृक्प्रत्ययाचे निम्मे काम होईल.

आणि पाहण्याची एक खोड आहे, तिला आपल्या भाषेत नावही तयार आहे. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर मंद उजेडाच्या पेशी नाहीत. त्या बाजूला दाट आहेत. म्हणून अंधूक वस्तूकडे रोखून पाहिले की ती नाहीशी होते, आणि जरा बाजूला पाहिले की हळूच उमटते. इंग्रजी पुस्तकांतल्या या युक्तीचा तर्जुमा ‘अपसारित दृष्टी’ असा काहीतरी केलेला मी वाचला आहे. अहो, कानाडोळा म्हणा की! आपण कानाडोळा करतो तो दुर्लक्ष करण्यासाठी. आकाशात तो लक्ष देण्यासाठी करावा लागतो, एवढाच फरक. अकरा वर्षांच्या मुलाला ‘देवयानीकडे कानाडोळा कर’ म्हटले की तो आधी हसेल आणि मग जन्मभर विसरणार नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबावेसे वाटते, कारण तिथे आपल्या लेखकांनी मोठे काम करून ठेवले आहे आणि आजची पुस्तके ते हातचे घालवीत आहेत. उत्तर आकाशातला एक ग्रीक परिवार आहे: राजा, राणी, समुद्रकाठच्या खडकाला जखडलेली त्यांची मुलगी आणि तिला सोडवणारा वीर. ही नावे मराठीत आणताना आपल्या लोकांनी अक्षरे उचलली नाहीत, कथेला कथा शोधली. राजा झाला वृषपर्वा, राणीच्या जागी शर्मिष्ठा, मुलीच्या जागी देवयानी, वीर झाला ययाती. नाती तंतोतंत जुळत नाहीत हे खरे. तिकडची आई इकडे मुलगी झाली, आणि दोघींत वैर आले. पण गाभा पाहा. तिकडे पाण्यातल्या संकटातून मुलीला सोडवणारा वीर, इकडे विहिरीत ढकललेल्या देवयानीला हात देऊन वर काढणारा ययाती. कवीचा कान असल्याखेरीज असे भाषांतर होत नाही. आणि खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) घराघरांत वाचली गेलेली. १९७४ साली तिला ज्ञानपीठ मिळाले. म्हणजे मराठी वाचकाला हा आकाशाचा तुकडा पात्रपरिचयासकट मिळालेला आहे! तरी नव्या पुस्तकांत मी ‘अँड्रोमेडा’ आणि ‘कॅसिओपिया’ वाचतो. कंसात, जमले तर, देवयानी.

आता ‘दीर्घिका’ हा शब्द. हा जड, पाठ्यपुस्तकी वाटतो, मलाही वाटे. पण संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे, वापी. नगराच्या उपवनात खोदलेली असते तशी. ताऱ्यांच्या त्या लांबट तेजाळ तळ्याला हे नाव ज्याने दिले त्याच्या मनात देवयानीची विहीर होती की नव्हती, देव जाणे. योगायोग असेल तर तो भाग्याचा. वसईच्या मुलाला तर हे सांगायला आणखी जवळचा शब्द आहे. आमच्या पश्चिमेच्या गावांत वाड्यांच्या कडेला जुनी गोड्या पाण्याची बावखले आहेत. बरीच बुजली, काही अजून आहेत. देवयानीचे बावखल म्हटले की झाले. पाणी संथ, मध्याशी जरा उजळ, कडा गवतात विरलेल्या. दुर्बिणीत नेमके असेच दिसते.

की पणतीची उपमा देऊ? दुर्बिणीतून ही दीर्घिका पाहून पहिल्याने लिहून ठेवणारा जर्मन ज्योतिषी सिमॉन मारियुस. त्याने १६१२ साली तिला शिंगाच्या पातळ पत्र्याआडून दिसणाऱ्या मेणबत्तीची उपमा दिली. त्या काळी कंदिलांना शिंगाचे पत्रे असत. आपल्याकडे त्या पत्र्याची गरज नाही. दारात आकाशकंदील लटकलेला आहे. त्याच्या कागदाआडून पणती जशी दिसते, ज्योत नाही, नुसती तिची ऊब, तशी ती दिसते. हा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे त्यानंतर सांगावे, आधी नाही. आधी संख्या सांगितली की माणूस संख्येएवढे मोठे काहीतरी शोधू लागतो.

इथे कोणी जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ माझ्यापुढे करील. ते मराठीतले थोर पुस्तक आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेल्यापासून मी ते पुन्हा वाचतो आहे. तारे का चमकतात, कसे मरतात, हे इतक्या स्वच्छ मराठीत सांगणारा दुसरा कोणी नाही. पण ते दिव्याखाली वाचायचे पुस्तक आहे. त्याला गच्चीवर नेऊ नये, आणि नेले नाही म्हणून त्याच्यावर रागावू नये. माझी तक्रार त्याच्या अनुकरणाने लिहिलेल्या लहान पुस्तकांबद्दल आहे. ‘का’ सांगायची नारळीकरांची ताकद त्यांच्यापाशी नाही, आणि ‘कसे पाहावे’ हे सांगणे त्यांना कमीपणाचे वाटते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते. मुंबईच्या खगोल मंडळाची माणसे वांगणीला रात्रभर बसून नवख्यांना एकेक तारा बोटाने दाखवतात. जे तिथे तोंडी चालते ते छापून का येऊ नये?

एके काळी महाराष्ट्रात फार मोठा डोळा होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नेगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण त्या वेळी देशात सर्वांत मोठी. १८९८ च्या जानेवारीतल्या खग्रास सूर्यग्रहणासाठी हेच नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेव्हापासून सामान्य मराठी माणसाच्या वाट्याला आली ती लहान दुर्बीण. म्हणूनच तिच्यासाठी लिहिणे हे काही लहान काम नव्हे.

आणि ते लिहावे लागेल ते इथल्या अक्षांशावरून. हा दोष तर मला सर्वांत मोठा वाटतो. आपली पुस्तके ज्या यादीतून ‘प्रेक्षणीय स्थळे’ निवडतात ती मेसिए नावाच्या फ्रेंच माणसाची, अठराव्या शतकातली. तो धूमकेतूंच्या मागे होता; धूमकेतूसारखे भासून फसवणारे अंधूक ठिपके त्याने नोंदून ठेवले. आज ते ११० मोजतात. पण पॅरिस आहे जवळजवळ ४९ अंश उत्तरेला. तिथून जे उगवतच नाही ते त्या यादीत येणार कसे? वसई आहे १९ अंशांच्या किंचित वर. नरतुरंगातला ओमेगा हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा, काही लाख नव्हे तर कोटीच्या घरात तारे असलेला. वसईहून तो दक्षिणेला २३ अंश वर येतो. यादीत नाही, म्हणून आपल्या अनेक पुस्तकांत तो नाही, किंवा तळटीपेत आहे! मेच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमारास इथून उत्तरेला पाहावे तर १९ अंशांवर ध्रुव, आणि दक्षिणेला पाहावे तर जेमतेम दहा अंशांवर त्रिशंकू. पोर्तुगीज दर्यावर्दी दक्षिणेत उतरताना ध्रुव हरवला की याच त्रिशंकूवर भिस्त ठेवीत. त्यांच्या वसईच्या किल्ल्यावरून दोन्ही एकाच वेळी दिसतात. असले आकाश लंडनच्या माणसाला स्वप्नातही मिळायचे नाही, आणि आपण त्याचे नकाशे तर्जुमा करून वाचतो.

दिसतात असे मी लिहिले खरे. लिहिताना हात जरा अडखळला. वसईच्या दक्षिणेला खाडी, आणि खाडीपलीकडे भाईंदरपासून कुलाब्यापर्यंत पसरलेला उजेड. रात्री तिकडचे क्षितिज नारिंगी असते. त्या नारिंगीत त्रिशंकूचे दोन तारे शोधावे लागतात आणि ओमेगा साध्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीत येतो, पण धुतलेल्या कापडावरच्या डागासारखा. पूर्वेचीही तीच गत. संकष्टीला कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ पाहून आजी ताट वाढून बसते. चंद्र तुंगारेश्वराच्या डोंगराआडून वेळेवर निघतोही, पण मधे आहेत आमच्या नव्या इमारती. आकाश एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. इमारतीने पाच अंश झाकले की वीस मिनिटे उपास लांबला! पंचांगाचा दृक्प्रत्यय आता बिल्डरच्या हाती आहे. कृत्तिका सहा मोजायच्या अशी आपली रीत. माझ्या गच्चीवरून चांगल्या रात्री मी चार मोजतो, पाचवीविषयी शपथ घेणार नाही.

उरते ती पश्चिम. अर्नाळा, राजोडी, कळंब, रानगाव. तिथे समुद्राच्या अंगाला अजून काळोख आहे, मच्छीमार होड्यांचे दिवे सोडले तर. म्हणून वसईचा आकाशदर्शक उगवत्याचा भक्त होऊ शकत नाही. त्याने मावळतीला जाणारे पाहावे. जे पूर्वेला हुकले ते काही तासांनी, किंवा काही महिन्यांनी, पश्चिमेला गाठावे. अशा कोणत्या वस्तू केव्हा समुद्रावर येतात याची यादी वसईसाठी, डहाणूसाठी, सगळ्या किनारपट्टीसाठी कोणी केली तर ती मेसिएच्या यादीहून मला जास्त मोलाची वाटेल.

दिवाळीपुरते बोलायचे तर लक्ष्मीपूजनाची रात्र ही आकाशाच्या दृष्टीने अमावास्या, महिन्यातली सर्वांत काळी. पण त्या रात्री दुर्बीण काढू नये. धुराने काही दिसायचे नाही. नरकचतुर्दशीची पहाट मात्र सोडू नये. नाहीतरी अभ्यंगस्नानाला घर साडेचारला उठलेलेच असते. उटणे लागायच्या आधी, पहिला फटाका फुटायच्या आधी, घरातले दिवे मालवून पाच मिनिटे गच्चीवर जावे. त्या वेळी दक्षिणेला, अठरा अंशांवर, अगस्ती असतो आणि त्याच्या वर व्याध. आकाशातले सर्वांत तेजस्वी दोन तारे, एकाखाली एक. मुंबईच्या उजेडालाही अगस्ती पुरून उरतो. समुद्र पिऊन टाकणाऱ्याला एवढे तर जमलेच पाहिजे. दुर्बीणसुद्धा लागत नाही.

त्या मुलाला मी नंतर राजोडीला नेले, कार्तिकातल्या एका वद्य पक्षाच्या रात्री. फोन त्याच्या आईकडे ठेवला. सुरूच्या झाडांखाली, वाळूवर, पहिली घटका आम्ही नुसते बसलो. तो कंटाळला, वाळूत पाय पुरून बसला, दोनदा “झाली का घटका?” विचारून झाले. मग हंसाच्या चोचीतला जोडतारा पश्चिमेला उतरत होता तो दाखवला. एक सोनेरी, एक निळा. रंग हवे होते ना, तर रंग तिथे असतात, ताऱ्यांत. त्यानंतर तो देवयानीकडे वळला. मी काही बोललो नाही. बराच वेळ त्याचा डोळा काचेला होता, आणि मान जराशी वाकडी. कानाडोळा चालू होता.

घरी आल्यावर त्याने वहीत केलेली नोंद मला दाखवली: “देवयानी. रात्री ८.४०. कागदाआडची पणती. डावीकडे लांब जाते, पहिल्या दिवशी एवढी लांब नव्हती. तिपाई फार हलते.” तिपाईचे त्याचे म्हणणे बरोबर आहे. खाली वाळूची पिशवी टांगून पाहणार आहोत.